कानाच्या आतलं मशीन की कानामागचं? दोन्ही वापरलेल्या कॅशियरचा रिव्ह्यू

कानाच्या मशीनची कुठलीही जाहिरात बघा. सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच गोष्ट असते: 'कुणाला कळणारही नाही!' ऐकू किती येईल, गर्दीत येईल का, फोनवर येईल का, हे सगळं खाली बारीक टायपात. चष्मेवाला असं कधी म्हणत नाही. तो आरसा पुढे करतो आणि ही फ्रेम चेहऱ्याला शोभते म्हणतो.

मी दोन्ही प्रकार पैसे मोजून वापरलेत. आधी कानाच्या नळीत पूर्ण आत जाणारं, दुकानात त्याला सीआयसी म्हणतात. आता कानामागे बसणारं, ज्याची केसाएवढी बारीक तार कानात जाते, ते आरआयसी. वय एक्केचाळीस, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एका किमतीतल्या मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये डावं-उजवं करावं इतका फरक नसतो. बसवून देणारं माणूस किती मन लावतं, यावर खरा खेळ आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी माझ्या कानांबद्दल, नाहीतर रिव्ह्यूचा तुम्हाला उपयोग नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तेव्हा त्यावर कॅनामायसिनची इंजेक्शनं असायची, सहा-सहा महिने आणि त्याहूनही जास्त. जीव वाचला. पण ते औषध कानाच्या आतल्या, ऐकण्याचं काम करणाऱ्या नाजूक पेशी मारतं आणि त्या परत येत नाहीत. सुरुवात बारीक, उंच आवाजांपासून होते. आता या टीबीचे उपचार बहुतेक गोळ्यांवरच होतात, ती इंजेक्शनं मागे पडली. फार बरं झालं.

उंच पट्टी गेली की माणसाचा आवाज येतो, पण शब्द येत नाही. 'आ', 'ओ' हे स्वर पोचतात. स, श, ठ, फ ही सगळी फुसफुसणारी मंडळी वाटेतच गळतात. आता माझ्या खुर्चीत बसून बघा. समोरचा म्हणतो 'साठ'. साठ की सात की आठ? एकोणसाठ की एकोणसत्तर? त्रेसष्ट की त्रेपन्न? मराठी आकडे कॅशियरसाठी केलेलेच नाहीत. मी ओठांवरून आणि स्लिपवरून धकवायची.

सरकारदरबारी मी दिव्यांग नाही, हेही सांगून टाकते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल नुकसान असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे. माझी खालची पट्टी शाबूत असल्यामुळे सरासरी त्या रेषेच्या अलीकडेच थांबते. म्हणून कार्ड नाही, सवलत नाही, सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण नाही. काउंटरच्या पलीकडून 'बहिरी आहे काय ही?' एवढं मात्र विनाअट मिळतं. ते वाक्य मला ओठांवरून अगदी स्वच्छ वाचता येतं.

आता पहिलं मशीन. ते घ्यायचं ठरलं तेव्हा घरात ऐकण्यावर चर्चा झालीच नाही, सगळी चर्चा दिसण्यावर झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिसलं की लोक विचारणार, कशानं गेलं? मग काय सांगशील?" त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. बहिऱ्या माणसाला लोक हसतात, टीबी झालेल्याचा पेला वेगळा ठेवतात. नणंदेचं लग्न जमायचं होतं. तेव्हा आम्ही 'न दिसणारं' घेतलं, जोडी साठ हजारांच्या आसपास. कानात लगदा भरून माप घेतात, त्यावरून तुमच्या कानाचं मशीन बनून येतं. बाहेर नखाएवढी टिकली आणि ओढून काढायला एक पारदर्शक दोरा.

वस्तू म्हणून ती वाईट नव्हती. फोन नेहमीसारखा कानाला लावता यायचा. हेल्मेटची अडचण नाही, चष्म्याची नाही, मास्कच्या लूपची नाही. माइक नळीच्या तोंडाशीच असल्यामुळे स्कूटरवर वाऱ्याचा घोंघाट कमी. ज्यांना फोनचं काम जास्त आहे आणि ज्यांचं नुकसान सगळ्या पट्ट्यांत सारखं आहे, त्यांनी जरूर विचार करावा.

माझ्यासारख्या कानाला मात्र ते मुळात चुकीचं. खालची पट्टी चांगली असलेल्याचा कान बुचासारखा बंद केला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. चिवडा खाताना समोरच्याचं काहीही ऐकू येत नाही, फक्त स्वतःचा जबडा. बॅटरी दहा नंबरची, पिवळ्या स्टिकरची, तुरीच्या दाण्याएवढी. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग आत घालायची. चार-पाच दिवसांत संपते आणि संपते ती नेमकी पगाराच्या तारखेला, रांग दारापर्यंत गेलेली असताना. कानातला मळ जाळीत अडकून आवाज मेला की दोष मशीनचा की कानाचा, हे कळायला अर्धा दिवस जायचा.

हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. न सापडणारं पुढे आहे.

बॅटरी बदलायला मी बाथरूममध्ये जायची. केस कायम कानावरून घेतलेले, उन्हाळ्यातसुद्धा अंबाडा नाही. कुणी मिठी मारायला आलं की मान दुसरीकडे, कारण कानाजवळ काही आलं की मशीन शिट्टी घालतं. एकदा हळदीकुंकवाला एका काकूंनी प्रेमानं केसात गजरा माळला आणि त्यांच्या हाताखाली माझा कान कुईं करून ओरडला. बायका मोबाइल शोधायला लागल्या. मीही पर्स उघडून शोधल्यासारखं केलं. कुणी मला काही बोललं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. तरी घरी आल्यावर डोकं असं ठणकत होतं की जेवण नको झालं.

मशीन न दिसण्याचा दुसरा परिणाम जाहिरातवाल्यांनी लिहायला हवा. लोकांना ठाऊकच नसल्यामुळे ते पाठ करून बोलायचे, कॉम्प्युटरकडे बघत बोलायचे, काउंटर सोडून जाता जाता बोलायचे. मी उत्तर दिलं नाही की नाव पडायचं 'शिष्ट'. साहेबांकडे तक्रारी जायच्या, मॅडमना फार माज आहे. बहिरी म्हणवून घ्यायचं नाही म्हणून साठ हजार मोजले आणि माजोरडी ठरले.

मग कोरोना आला. काउंटरला काच होतीच, त्यावर प्लास्टिकचा पडदा आणि समोरच्याच्या तोंडावर मास्क. ओठ गेले. तेव्हा लक्षात आलं की माझं निम्मं ऐकणं डोळ्यांनी चाललं होतं. पण त्यात एक गंमतही होती. त्या काळात सगळा सातारा एकमेकांना "आँ? काय म्हणालात?" विचारत होता. साहेब विचारत होते, शिपाई विचारत होता, गिऱ्हाईक विचारत होतं. कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती. मीसुद्धा बिनदिक्कत चार-चार वेळा विचारायची. ऐकायला सगळ्यात कमी येत असतानाही संध्याकाळी मी आधीच्या वर्षांइतकी दमत नव्हते. हे कोडं मी पुढे दुसऱ्या मशीनच्या वेळी पुण्याच्या ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या) मॅडमना सांगितलं.

त्या म्हणाल्या, लोक खरंच हिणवतात तो एक त्रास, आणि आता हिणवतील म्हणून सतत पहारा देत बसायचं हा वेगळा. एलिझाबेथ पिनेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये हा दुसरा प्रकार मोजायची प्रश्नावलीच केली. समोर कुणी काही करो न करो, 'माझ्याकडे त्याच नजरेनं बघणार' ही जाणीव ज्याच्या मनात पक्की आहे, त्याचं वागणं त्या जाणिवेनंच ठरत जातं. आणखी एक मॅडमनी सांगितलं, ते मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखं आहे. १९७७ साली अमेरिकेत लोकांना मुलांचे फोटो दाखवले, काहींत कानाला मशीन, काहींत नाही. मशीनवाल्यांना लोकांनी हुशारीत खालचे गुण दिले. तसाच प्रयोग बऱ्याच वर्षांनी पुन्हा केला, २०१४ मध्ये तो छापून आला, तेव्हा तो फरक उरला नव्हता. आता अर्ध्या जगाच्या कानात काही ना काही असतंच.

मला हे अर्धंच पटलं आणि तसं मी त्यांना म्हणाले. फोटोला कुणी 'एकोणसाठ' म्हणत नाही आणि फोटो 'आँ?' म्हणत नाही. शिवाय अमेरिकेतल्या लोकांना माझ्या सासरच्या वास्तुशांतीला बोलवावं लागेल. तिथे एका पाहुण्यांनी माझ्या देखत नवऱ्याला विचारलं होतं, "वहिनींना सरबत चालेल ना?" वहिनी एका हाताच्या अंतरावर बसलेल्या. तेव्हा सगळं आपल्या मनातच असतं, असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास नाही. पण पहारा मनातला असतो आणि तो चोवीस तास असतो, एवढं पटलं.

दुसरं मशीन, आरआयसी, २०२२ मध्ये घेतलं. जोडीचे एक लाख दहा हजार, चार्जरसकट. कानाच्या मशीनवर जीएसटी नसतो, तुमच्या बिलात लावला असेल तर विचारा. रंगाचा तक्ता समोर आला. त्यात एक 'स्किन कलर' होता, फिक्कट गुलाबीसर. कुणाच्या कातडीचा, देव जाणे. माझ्या कानामागे तो लावला तर शंभर फुटांवरून दिसेल. लपवायचं म्हणून हजारो सावळे लोक हाच रंग घेतात आणि तोच सगळ्यात जास्त उठून दिसतो. मी गडद लाल घेतला. मुलीनं सुचवला, नवरा "जरा काळा बघू या का" म्हणत राहिला, सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत.

ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला, कारण याचं कानात जाणारं रबर उघडं असतं, भोकं असलेलं. खालचे आवाज आपले आपण जातात, मशीन फक्त वरचे भरून देतं. स्वतःचा आवाज पुन्हा स्वतःचा वाटला. पहिल्या दिवशी काउंटरवर नोटांची सळसळ ऐकली. इतकी वर्षं नोटा मोजते आणि त्या मुक्या झाल्या होत्या, हे विसरूनच गेले होते. कोरी नोट आणि मळकी नोट यांचा आवाज वेगळा येतो. 'साठ'मधला 'स' आला, 'ठ'सुद्धा. शंभर टक्के नाही, पण स्लिप न बघता रक्कम लिहिण्याची हिंमत आली.

सुरुवातीचे दिवस मात्र छळ होता. स्टीलची भांडी, मिक्सर, नळाचं पाणी, सगळं अंगावर येतं. पुष्कळ लोक इथेच मशीन कपाटात टाकतात. टाकू नका, परत जा. माझी सेटिंग मॅडमनी टप्प्याटप्प्यानं वाढवत नेली. त्यांनी कानात मशीनशेजारी एक मऊ बारीक नळी घालून, पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजलं. ही प्रोब माइकची तपासणी फार कमी ठिकाणी करतात. पहिल्या मशीनच्या वेळी मला फक्त "कसं वाटतंय? बरं वाटतंय ना?" असं विचारलं होतं.

आता दिसण्याचं काय झालं, ते. मी अंबाडा घालून कामावर गेले, लाल मशीन उघडं. ज्या प्रश्नाला सासूबाई आणि मी इतकी वर्षं घाबरलो, तो आलाच नाही. लोकांनी विचारलं ते हे: "केवढ्याला पडलं?" सातारकर आधी किंमत विचारतो, हे आम्ही विसरलो होतो. एक लाख दहा ऐकल्यावर पुढचे सगळे उद्गार किमतीवरच होते. कशानं गेलं, हे पुढे एका मावसजावेनं विचारलं. मी "औषधानं" म्हणाले. ती "होय का, आमच्या मामंजींचं पण तसंच" म्हणाली आणि मामंजींच्या गोष्टीत शिरली.

नवीन कटकट भलतीच निघाली. लोकांना ते ब्लूटूथ वाटतं. एक आजी काचेवर टकटक करून म्हणाल्या, "बाई, गाणी मागनं ऐक की, माझं पैसं मोज." मी सांगितलं, कानाचं मशीन आहे. मग त्या इतक्या मोठ्यानं बोलायला लागल्या की रांगेतल्या सगळ्यांना त्यांची शिल्लक कळली. ओरडून उपयोग होत नसतो, उलट शब्द फाटतो. समोर बघून सावकाश बोललेलं हवं असतं. तसा कागद मी काचेवर चिकटवला: 'मला कमी ऐकू येते. कृपया समोर बघून बोला.' साहेबांनी तो संध्याकाळी काढायला लावला. "कस्टमरला काय वाटेल? पैशांचा मामला आहे." मी म्हणाले, पैशांचा मामला आहे म्हणूनच. आठवडाभर आमचं थंड युद्ध चाललं. शेवटी तडजोड होऊन 'रक्कम समोर बघून स्पष्ट सांगावी' एवढा छापील बोर्ड लागला, माझा उल्लेख वगळून. आता तो तिन्ही काउंटरांवर आहे आणि बाकीचे दोघं कॅशियर खूष आहेत.

सगळे बदलले असं नाही. एक दुकानदार मशीन दिसल्यापासून माझ्या रांगेत येत नाही, शेजारची रांग लांब असली तरी तिकडे उभा राहतो. ते मला लागतं. पण तो शेजारच्या रांगेत जातो, मी बाथरूममध्ये जात नाही. दमणं नक्कीच कमी झालंय. पूर्वी घरी आल्या आल्या मशीन काढून ठेवायची आणि मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की "नंतर" म्हणायची. आता जेवणं होईपर्यंत मशीन कानात असतं. ती दहावीला आहे आणि इतकं बोलते की कधी कधी मुद्दाम काढते.

या मशीनच्या तक्रारीही नोंदवते. हेल्मेट काढताना दर वेळी ते कानामागून उडतं, आधी एका हातानं धरावं लागतं. मास्कचा लूप, चष्म्याची दांडी आणि मशीन अशी तिघांची एका जागेसाठी मारामारी चालते. चष्मा आधी, मशीन वरून, हा क्रम मला जमला. स्कूटरवर वारा कानात गर्जतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात घाम, दोन्ही त्याचे शत्रू. रोज रात्री सुकवण्याच्या डबीत ठेवलंच पाहिजे, आतले दाणे रंग बदलले की दाणे बदला. चार्जिंग दिवसभर पुरतं, पण रात्री लाइट गेली आणि सकाळी कळलं तर तो दिवस बिनकानाचा. बॅटरी आत बंद असल्यामुळे बदलून चालवता येत नाही. गावाकडे भारनियमन असेल तर ३१२ नंबरच्या, तपकिरी स्टिकरच्या बॅटरीचं मॉडेल घ्या. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या बाजूचा तारेच्या टोकाचा स्पीकर गेला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण मशीन पुण्याला पाठवावं लागलं आणि तोवर पर्यायी मशीन द्यायला सेंटरनं नकार दिला. विकत घेण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

ट्रायल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ट्रायल शांत केबिनमध्ये नको. घरी न्या, मंडईत न्या, कुणाच्या तरी बारशाला न्या. दोन्ही कान गेले असतील तर दोन्हीकडे लावा, एकाच कानाला लावून पैसे वाचवाल तर आवाज कुठून आला तेच कळणार नाही. तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही १९८३ पासूनची सरकारी संस्था आहे, विक्रेत्याच्या फुकट तपासणीपेक्षा असं ठिकाण बरं. आणि उघड्या रबराचं मशीन माझ्यासारखी फक्त वरची पट्टी गेलेल्यांसाठी आहे. खालचं ऐकणंही गेलं असेल तर त्यातून पुरेसा आवाज मिळत नाही आणि शिट्टी वाजते. अशांना कानामागचं मोठं, कानाच्या मापानं बनवलेल्या साच्याचं मशीन लागतं. तेव्हा ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद हातात घेऊन जा. रंग मात्र गुलाबी घेऊ नका.